खुराड्यातला देवदूत

आर.ई.एम. या अमेरिकी बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’चा व्हिडिओ (१९९१) केला जालंधरच्या तरसेम सिंगने. त्यातला पंखवाला म्हातारा आला गार्सिया मार्केझच्या कथेतून. कथेत तो अंगणातल्या चिखलात पडतो, खुराड्यात कोंबड्यांसोबत डांबला जातो आणि घरमालक तिकीट लावून त्याला दाखवतात. (देवदूताचीही जत्रा!) व्हिडिओत कुणी त्याच्या जखमेत बोट घालून बघतं, तिथे काराव्हाज्जोच्या चित्रातला संशयी थॉमस डोकावतो, मध्येच आपल्या कॅलेंडरांवरचे निळे देवही हजेरी लावतात. एवढी भेसळ एरवी पचली नसती. गंमत म्हणजे गाणं साधं एकतर्फी प्रेमाचं. देवदूताशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण मँडोलिन वाजलं की म्हातारा धपकन पडतोच.