नवशिक्यांसाठी बेसबॉलची पैज : मार्गदर्शिकेतून गळालेला इतिहास

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

न्यू जर्सीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने परवा एका सट्टेपेढीची मार्गदर्शिका पाठवली. विषय : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलवर पैज कशी लावावी, नवशिक्यांसाठी, दहा मिनिटांत. सोबत एकच ओळ होती. "मामा, इथे हे सगळं कायदेशीर आहे, मग तुला यात वावगं काय दिसतं?"

मार्गदर्शिका मी दोनदा वाचली. तिच्यात धादांत खोटे असे एकही वाक्य नाही. तरीही ती वाचून उठणारा माणूस वाचण्यापूर्वी होता त्याहून अधिक अज्ञानी होऊन उठतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हा धागा त्या मताच्या समर्थनार्थ.

प्रथम ती काय शिकवते ते पाहू. सर्वांत साधी पैज म्हणजे 'मनीलाइन' : कोण जिंकणार एवढेच सांगायचे. बलाढ्य संघापुढे उणे १५० असा आकडा असतो, म्हणजे १०० डॉलर कमवायला १५० लावा. दुबळ्या संघापुढे अधिक १३०, म्हणजे १०० लावून १३० कमवा. दुसरी 'रन लाइन' : बलाढ्य संघाच्या धावसंख्येतून दीड धाव वजा धरायची. तिसरी 'टोटल' : दोन्ही संघांच्या मिळून धावा, समजा, साडेआठाच्या वर जातील की खाली राहतील. आणि अशा दोन-चार पैजांची माळ ओवली की 'पार्ले'. सगळे मणी जुळले तर घसघशीत रक्कम, एक निसटला तर शून्य. शिकण्यासारखे एवढेच आहे. दहा मिनिटेही लागत नाहीत.

आता न शिकवलेला भाग. वरच्या दोन आकड्यांची टक्केवारी मांडा. उणे १५० म्हणजे जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली आहे. अधिक १३० म्हणजे सुमारे ४३.५ टक्के. बेरीज १०३.५. एका सामन्यात दोनच संघ, एकच जिंकणार, मग शंभरावरचे हे साडेतीन टक्के कोणाचे? पेढीचे. निकाल लागण्यापूर्वीच ते तिने भावात मिसळलेले असतात. दोन्ही बाजूंना उणे ११० असा भाव असेल तर दोघांनी मिळून २२० डॉलर लावायचे, जिंकणाऱ्याने २१० न्यायचे, दहा पेढीत राहायचे. नाणेफेकीइतक्या अनिश्चित पैजेत नुसते नुकसान टाळण्यासाठीसुद्धा शंभरात सुमारे साडेबावन्न वेळा बरोबर ठरावे लागते. पार्लेत ही दलाली प्रत्येक मण्यागणिक वाढते. नाणेफेकीसारख्या तीन पैजांच्या माळेवर १०० डॉलर लावले, तर न्याय्य परतावा ८०० हवा, मिळतात सुमारे ६९६. म्हणजे तेरा टक्के कापले गेले. म्हणूनच पेढ्यांच्या जाहिरातींत पार्लेचे एवढे कौतुक असते!

बेसबॉलच्या स्वभावाचेही तसेच. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मनाला हा खेळ किती लहरी आहे याची चटकन कल्पना येत नाही. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २००१ साली सिॲटल संघाने ११६ सामने जिंकून विजयसंख्येच्या विक्रमाची बरोबरी केली, तरी ४६ हरलाच. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरला, आधुनिक काळातील सर्वाधिक, तरी ४१ जिंकलाच. ज्या खेळात सर्वोत्तमही इतके हरतात आणि निकृष्टही इतके जिंकतात, तिथे "मला खेळ कळतो" या भरवशावर पैसे लावणाऱ्याची गत काय होते? उत्तर २०२४ च्या जून महिन्यात मिळाले. टुकुपिटा मार्कानो या खेळाडूला स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल आजन्म बंदी झाली. दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम त्याने बेसबॉलवर लावली होती. प्रमुख लीगवरच्या त्याच्या पैजांपैकी जिंकल्या किती? ४.३ टक्के. हा माणूस संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये बसत होता. नवशिक्यांच्या मार्गदर्शिकेत छापण्याजोगा आकडा असेल, तर हा आहे.

इथवरचे हिशेब कोणीही चौथीतल्या मुलाकडून करून घ्यावेत. माझा खरा राग पुढे आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नॅशनल लीग स्थापन झाली १८७६ साली. दुसऱ्याच हंगामात, १८७७ मध्ये, लुईव्हिल संघाच्या चार खेळाडूंना आजन्म काढून टाकावे लागले. त्यांनी सट्टेबाजांशी केलेला तारांचा व्यवहार उघडकीला आला होता. बेसबॉलमध्ये सट्टा मागाहून शिरला हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तो पाळण्यापासून सोबत होता. व्यावसायिक बेसबॉलचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याला घराबाहेर ठेवण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

त्या धडपडीतील सर्वांत प्रसिद्ध पराभव १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधला. शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. शिकागोचा पिचर एडी सिकॉट याला पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री दहा हजार डॉलर पोचले, आणि आपल्या दुसऱ्याच चेंडूवर त्याने सिनसिनाटीच्या पहिल्या बॅटरला चेंडू मारला. कट पक्का झाल्याची ती खूण मानली जाते. रेड्सने ती मालिका पाच विरुद्ध तीन अशी जिंकली. मालक चार्ल्स कॉमिस्की कंजूष होता म्हणून उपाशी खेळाडू फितूर झाले, ही कथा चित्रपटाने लोकप्रिय केली. मात्र पगाराच्या जपून ठेवलेल्या नोंदी पाहता व्हाइट सॉक्सचा पगारखर्च त्या काळातील वरच्या संघांत मोडतो. गरिबीची सबब इतिहासाला रुचते, कारण ती ऐकायला बरी वाटते.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने त्या खेळाडूंना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी नवे आयुक्त, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस, यांनी आठही जणांना आजन्म बाहेर काढले. त्यांत बक वीव्हरही होता. त्याने पैसे घेतल्याचे सिद्ध झाले नव्हते. कट ठाऊक असून तो बोलला नाही, एवढाच त्याचा अपराध. हा निवाडा कठोर होता, अन्यायकारकही म्हणता येईल. पण त्यामागचा विचार स्वच्छ होता : प्रेक्षकाला सामना खरा वाटला पाहिजे, आणि त्यासाठी सट्टा खेळाच्या वाऱ्यालाही उभा राहता कामा नये.

हे सोवळे किती कडक होते ते पाहा. विली मेज आणि मिकी मँटल ही या खेळातील दैवते. निवृत्तीनंतर दोघांनी अटलांटिक सिटीतील कॅसिनोंत नोकरी धरली. काम काय, तर बड्या गिऱ्हाइकांची सरबराई, त्यांच्याशी गोल्फ खेळणे. न्यू जर्सीच्या त्या कॅसिनोंत खेळांवर पैज घेतलीच जात नसे. तरीही आयुक्त बोवी कून यांनी १९७९ मध्ये मेजला आणि १९८३ मध्ये मँटलला बेसबॉलच्या कोणत्याही कामापासून दूर केले. १९८५ साली नव्या आयुक्तांनी त्यांना परत घेतले. पुढे १९८९ च्या ऑगस्टमध्ये पीट रोझ, ज्याच्या नावावर ४,२५६ हिट्स आहेत, तो आजन्म बंदीवर गेला, कारण संघाचा व्यवस्थापक असताना तो आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावत होता. पंधरा वर्षे तो नाकारत राहिला, २००४ मध्ये कबूल झाला, २०२४ मध्ये वारला. २०२५ च्या मे महिन्यात, बंदी मृत्यूबरोबर संपते असे ठरवून, लीगने त्याचे नाव यादीतून काढले. वीव्हर वगैरे मंडळींचेही त्याच दिवशी निघाले.

आता भाच्याचे न्यू जर्सी. १९९२ च्या एका केंद्रीय कायद्याने बहुतेक राज्यांना खेळांवरील पैजा परवानगी देऊन सुरू करण्यास मनाई केली. न्यू जर्सीने त्याला आव्हान दिले, तेव्हा तिच्याविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्यांत मेजर लीग बेसबॉल होती. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. "कायदेशीर आहे" म्हणणाऱ्यांनी हा निवाडा जरूर वाचावा. पैज चांगली की वाईट, यावर न्यायालयाने कौल दिलेला नाही. राज्याच्या विधिमंडळाने काय करू नये हे केंद्राने फर्मावता येत नाही, एवढाच तो घटनात्मक मुद्दा होता.

निकाल लागण्याआधीच, २०१८ च्या आरंभी, ज्या लीगने न्यायालयात पैजेला विरोध चालवला होता, तीच राज्याराज्यांतून एक मागणी करू लागली होती : पैजा सुरू झाल्याच, तर लावलेल्या एकूण रकमेतील एक टक्का आम्हाला द्या. या वाट्याला नाव दिले होते प्रामाणिकपणाचे शुल्क. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये, निकालानंतर अवघ्या सहा महिन्यांत, एमजीएम ही कॅसिनो कंपनी लीगची अधिकृत भागीदार झाली. मेजला ज्या धंद्याशी गोल्फ खेळल्याबद्दल घराबाहेर काढले, त्याच्याशी घरधन्याने स्वतःच सोयरीक केली. वॉशिंग्टनच्या मैदानाला आज सट्टेपेढी जोडलेली आहे, शिकागोच्या रिग्ली फील्डलाही. ड्रेसिंग रूममध्ये नियम २१ मात्र अजून टांगलेला असतो : खेळाडूने बेसबॉलवर पैज लावू नये.

दांभिकता ही काही नवी गोष्ट नाही, आणि केवळ तिच्यावर मी एवढे लिहिले नसते. नवे आहे ते विक्रीला ठेवलेले माल. पूर्वी पैज सामन्यावर होती. आता फोनवर पुढच्या एका चेंडूवर लावता येते : बॉल की स्ट्राइक, वेग इतक्या मैलांच्या वर की खाली. मुंबईकर वाचकाला हे ओळखीचे वाटेल. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते-मिटते भाव तारेने मुंबईत येत आणि गिरणगावातला कामगार त्यांवर आकडा लावी, त्यातूनच पुढे मटका जन्मला. आकडा लावणाऱ्याला कापसाशी कर्तव्य नव्हते. चेंडूच्या वेगावर पैसे लावणाऱ्यालाही बेसबॉलशी नाही. फरक एकच, आणि तो भयंकर आहे. न्यूयॉर्कचा भाव एका माणसाच्या हातात नव्हता. चेंडू आहे.

१९१९ मध्ये मालिका विकायला आठ माणसांना सामील करून घ्यावे लागले, आणि अशी गुपिते आठ तोंडांत टिकत नाहीत. चेंडू विकायला एक पिचर पुरतो. सामना हरायचीही गरज नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ या दोन पिचरांवर नेमका हाच आरोप ठेवून केंद्रीय सरकारी वकिलांनी आरोपपत्र दाखल केले. दोघांनीही आरोप नाकारले आहेत, तेव्हा निवाडा आपण करू नये. पण आरोपपत्रातला एक प्रसंग बोलका आहे. 'बॉल' पडावा म्हणून जमिनीलगत टाकलेल्या चेंडूवर समोरच्या बॅटरने बॅट फिरवली, स्ट्राइक झाला, आणि पैज लावणाऱ्यांचे पैसे बुडाले. तो बॅटर बिचारा प्रामाणिकपणे चुकला होता!

प्रतिपक्षाचे म्हणणे मी डावलत नाही. १९१९ चा कट सट्टा बेकायदेशीर असतानाच झाला. शोहेई ओहतानीच्या दुभाष्याने त्याच्या खात्यातून सुमारे एक कोटी ७० लाख डॉलर चोरले ते कॅलिफोर्नियातील बेकायदेशीर बुकीचे देणे भागवण्यासाठी. मार्कानोचे प्रकरण एका कायदेशीर पेढीनेच लीगला कळवले. नोंद होते म्हणून चोर सापडतो, हे खरे आहे. पण मग एवढे तरी मान्य करावे की एकेका चेंडूवरची पैज कोणा चोरट्या बुकीने घरोघरी पोचवली नाही. ती परवानाधारक पेढ्यांनी, लीगच्या भागीदारीत, जाहिरात करून पोचवली. स्वतः कुलूप काढून ठेवायचे आणि चोर पकडून दिल्याबद्दल शाबासकी मागायची, हा न्याय मला कळत नाही. आरोपपत्रानंतर लगेच लीग आणि पेढ्यांनी एका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली आणि पार्लेतून ती वगळली. बंद मात्र केली नाही.

भाच्याला मी वरची १०३.५ ची बेरीज आणि मार्कानोचे ४.३ टक्के कळवले. त्याचे उत्तर आले, "मामा, मी फक्त वीस डॉलरचं पार्ले लावतो, गंमत म्हणून." त्यातले किती आधीच गेलेले असतात, ते मी त्याला पुन्हा मांडून पाठवले आहे. अद्याप निळी खूण आलेली नाही.

बक वीव्हरने १९५६ साली मरेपर्यंत आपले नाव निर्दोष ठरावे म्हणून जे अर्ज केले, त्यांवर स्वतंत्र धागा लिहितो आहे.