रूपकाराचं नाव

घरातली पहिली पदवी आपली, तशी संग्रहालयाची पहिली पायरीही बहुधा आपलीच. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये शिरताना मी उगाचच आवाज खाली आणला. कला कळायला घराणं लागतं, हे आपल्या मनावर कोणी बिंबवलं?

भारहुत दालनात ते दडपण उतरलं. मध्य प्रदेशातल्या स्तूपाचा हा लालसर दगडी कठडा इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला. १८७३ साली कनिंगहॅमला सापडला. बुद्धाची मूर्ती कुठेच नाही. बोधिवृक्ष, चक्र, रिकामं आसन. एका चक्रात अनाथपिंडिक नाणी अंथरून जेतवन विकत घेतोय. पण मी गेले होते ब्राह्मीतल्या दानलेखांसाठी. त्यांची भाषांतरं आधी वाचली होती. राजा धनभूती आहेच, पण भिक्खुणी आहेत, साध्या बायका आहेत आणि बुद्धरक्षित नावाचा रूपकार, म्हणजे मूर्तिकारही. छिन्नी चालवणाराच दाता!

घडवणाऱ्या हातांना जातीखाली दडपणाऱ्या देशात हे नाव दोन हजार वर्षांहून जास्त टिकलं. वारसा म्हणून राजांचीच यादी ऐकवणाऱ्यांना आधी हा दगड दाखवा.

पुढच्या खेपेला आईला नेणार आहे. तिला वाचता येत नाही. ब्राह्मी मलाही येत नाही.