हार्ट अटॅकनंतरचा शॉक : फक्त वय पाहून ठरवू नका

मोठ्या हार्ट अटॅकनंतर कधी कधी हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही. बीपी घसरतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, रुग्ण असंबद्ध बोलतो. हा कार्डिओजेनिक शॉक.

‘या वयात अँजिओप्लास्टी झेपेल का?’ असं तुम्ही विचारता. १९९९ च्या ‘शॉक’ अभ्यासात बंद रक्तवाहिनी लवकर उघडल्याने सहा महिन्यांनंतर अधिक रुग्ण जिवंत होते. ७५ वर्षांपुढच्यांत फायदा दिसला नाही, पण असे रुग्ण जेमतेम ५६ होते. पुढे निवडक वृद्धांनाही फायदा दिसला. त्यामुळे फक्त वयावरून नकार योग्य नाही.

हृदयाला आधार देणाऱ्या पंपाचं मात्र वेगळं आहे. २०२४ च्या ‘डेंजर-शॉक’ अभ्यासात त्याने मृत्यू घटले, पण रक्तस्राव आणि डायलिसिसची गरज वाढली. अतिवृद्धांना फायदा दिसला नाही.

म्हणून डॉक्टरांना हे नक्की सांगा:

- अटॅकपूर्वी रुग्ण स्वतः चालत-फिरत, जेवत होते का?
- किडनीचा त्रास किंवा विसराळूपणा आहे का?
- त्यांची स्वतःची इच्छा काय होती?

वृद्धांना छातीत दुखेलच असं नाही. अचानक दम, घाम, ग्लानी आली तर थांबू नका, १०८ ला फोन करा.