कार्बनचा हिशेब होतो, आपल्या फुप्फुसांचा कोण करणार?

मिरा-भाईंदरमध्ये कुठेही जा, बांधकाम चालू दिसते. टॉवर, सिमेंटचे रस्ते, मेट्रोचे खांब. या कामांवर आपल्याच वस्त्यांतले गवंडी, बिगारी, लादी कापणारे नाक्यावरून जातात. म्हणून सिमेंट हा आपल्या आरोग्याचा विषय आहे, असे आम्ही मानतो.

जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून जातो. त्याला फक्त कोळसा कारण नाही. भट्टीत चुनखडी तापवली की दगडात अडकलेला कार्बन वायू होऊन सुटतो. निम्म्याहून जास्त वाटा या दगडाचाच असतो. पुढे सुमारे १४५० अंशांवर भाजून जे गोळे तयार होतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. ते दळले की सिमेंट होते. आपल्या राज्यात असे मोठे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. भट्टीचे इंधन बदलले तरी दगडातला वायू सुटणारच. त्यामुळे क्लिंकर कमी वापरणे हा सर्वात हाताशी असलेला उपाय आहे.

साध्या ओ.पी.सी. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पी.पी.सी. सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्राची राख ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते, तेवढे क्लिंकर वाचते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेल्या एल.सी.थ्री. सिमेंटने ४० टक्क्यांपर्यंत कार्बन कमी होतो. त्यावर दिल्ली, मुंबई आणि मद्रासच्या आय.आय.टीं.नी परदेशी संशोधकांबरोबर काम केले असून २०२३ मध्ये त्याचे भारतीय मानकही आले.

हे सगळे चांगलेच आहे. पण कार्बनचा हिशेब कारखान्याच्या भट्टीवर होतो, आपल्या गल्लीत नाही. ज्या राखेमुळे सिमेंट 'हरित' ठरते, ती राखही बारीक धूळच आहे. घोडबंदर, काशिमीरा बाजूच्या आर.एम.सी. प्लांटमध्ये ती उघडी हाताळली, तर कागदावर कार्बन घटेल आणि शेजारच्या मुलांचा खोकला वाढेल. लादी, दगड, काँक्रीट कोरडे कापताना उडणारी सिलिकाची धूळ तर त्याहून वाईट. तिने सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, त्यात टी.बी.चा धोका वाढतो आणि कित्येकदा त्यालाच टी.बी. समजून उपचार चालतात. ज्या बदलात कामगाराचा श्वास मोजला जात नाही, तो बदल आम्हाला अपुरा वाटतो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. महानगरपालिकेने आपल्या कामांच्या निविदेत कमी क्लिंकरचे सिमेंट आणि धूळ रोखण्याची अट एकत्र घालावी. आर.एम.सी. प्लांट चारी बाजूंनी बंदिस्त असावेत, गाड्यांची चाके धुऊनच त्या रस्त्यावर याव्यात. डेब्रिज खाडीत, तिवरांत न टाकता दळून पुन्हा वापरावे.

आपल्या हातातही काही आहे. घराची दुरुस्ती किंवा कोबा करताना दुकानदाराकडे पी.पी.सी. मागा. ते थोडे सावकाश पक्के होते, म्हणून सात नाही, किमान दहा दिवस पाणी मारा. कामावर लादी पाणी सोडूनच कापा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो आणि तो ठेकेदाराने द्यायला हवा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण काय काम करतो आणि किती वर्षे करतो, ते आधी सांगा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या प्रत्येक भावा-बहिणीने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. बांधकाम खर्चावरील उपकरातून चालणाऱ्या या मंडळाच्या आरोग्य योजना आपल्या हक्काच्या आहेत.

येत्या रविवारी विहारात बसाल तेव्हा दोन याद्या करा. वस्तीत बांधकामावर जाणारे किती, आणि त्यांपैकी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असणारे किती. दुसऱ्या यादीतल्यांना लगेच दवाखान्यात पाठवा. आणि नावे उघड न करता दोन्ही आकडे महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.