आधी पाणी, मग गाव

गरिबांच्या साहाय्याची गोष्ट निघाली की आमचे सुशिक्षित गृहस्थ प्रथम पुसतात, "लबाड कसे वगळावयाचे?" ह्या प्रश्नाच्या चाळणीतून खरे गरजूच गळून पडतात, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

वास्तविक महाराष्ट्राने ह्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रयोग झाला. १९७२ साली त्यातून रोजगार हमी योजना निघाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खेड्यातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते द्यावे, हे तिचे सूत्र. जात पुसली नाही, उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. भर उन्हात खडी फोडावयाची तयारी हाच गरजेचा पुरावा मानला. कष्टाच्या भाकरीस जपणाऱ्या मजुरास तीत भिक्षेचा कमीपणा वाटला नाही. तिच्यासाठी शहरांतील पगारदारांनी व्यवसायकर भरला.

२००५ साली हे तत्त्व देशाने स्वीकारले. पण १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच देण्याची सक्ती झाली. नावातील एका अक्षराच्या फरकाने घाम गाळलेल्या बाईची मजुरी अडावी, हा कोठला न्याय?

वृद्ध व अपंग खडी फोडणार नाहीत, हे खरे. त्यांस निवृत्तिवेतन द्यावे. परंतु तेथेही संशय आधी नको.

दारी आलेल्यास आधी पाणी द्यावे, मग गाव पुसावे, ही आमची रीत. सरकारास ती परकी का वाटावी?