सर्व्हर चालू, दुरुस्तीही चालू

खालापूरजवळ द्रुतगती मार्गावर मध्यरात्री अपघात झाला, की जखमी खोपोली-कर्जतच्या रुग्णालयांत येतात. नोंदी संगणकावर गेलेल्या रुग्णालयाचा सर्व्हर त्यामुळे बंद करायला कुणी धजत नाही. सुरक्षेची दुरुस्ती पुढच्या रविवारवर जाते, मग त्याच्याही पुढच्या.

'वॉनाक्राय'ने 12 मे 2017 रोजी ब्रिटनची अनेक रुग्णालये खोळंबवली. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती 14 मार्चलाच आली होती. जूनमध्ये 'नॉटपेट्या'ने याच रायगडात, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एक टर्मिनल ठप्प केले.

लिनक्समध्ये 2015पासून सर्व्हर चालू ठेवूनच दुरुस्तीची सोय आहे. हृदयाच्या बायपाससारखेच ते. अडलेली धमनी जागीच राहते, रक्त नव्या वाटेने जाते. इथे प्रोग्रामचा सदोष तुकडा तसाच राहतो आणि काम नव्या तुकड्याकडे वळते. ही सोय निविदेतच मागायला हवी. नंतर कोण देतो?

मात्र सगळ्याच दुरुस्त्या अशा होत नाहीत. काहींसाठी सर्व्हर बंद करावाच लागतो. ती वेळ आधी ठरवावी, आणि तेवढा वेळ कागदी केसपेपरवर काम चालवण्याचा सराव रात्रपाळीच्या परिचारिकांनाही द्यावा.