डागाचं खातं, रंगाचं खातं

गालावरचा डाग आणि अंगाचा रंग ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात घालणाऱ्याला बँकेत घरी बसवतात. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात त्याला बढती मिळते! गिऱ्हाईक दुकानात शिरतं ते वांग घालवायला, आणि बाहेर पडतं ते रंग उजळायची ट्यूब घेऊन. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० साली नावातला ‘फेअर’ खोडून ‘ग्लो’ लिहिला. पाटी बदलली; गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं वेड बदलायला कोण बसलंय?

बाटलीतल्या औषधांशी माझं वैर नाही. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. तयार झालेलं मेलॅनिन ते वरच्या पेशींकडे सहजी जाऊ देत नाही. चेक लिहिला तरी वटवायचा नाही, हा आमच्याच काउंटरवरचा खाक्या! कोजिक आम्ल बुरशीपासून मिळतं, ते मेलॅनिन घडवणाऱ्या विकरालाच अडवतं. क जीवनसत्त्व मोठं तडफदार, पण हवा-उजेड लागला की तपकिरी पडून राजीनामा देतं. अॅझेलेइक आम्ल स्वभावानं सौम्य, गरोदरपणातही डॉक्टर चालवून घेतात. यातलं एक निवडा आणि त्याला दोन-तीन महिने द्या. रिकरिंग ठेव तिसऱ्या दिवशी मोडणाऱ्याला व्याज कुठलं मिळायला?

शिवाय सनस्क्रीन हवंच. नाहीतर औषध एका खिडकीवर डाग काढतं आणि ऊन दुसऱ्या खिडकीवर भरतं. शिल्लक तीच! आणि शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना तर त्वचा भाजून नवा डाग बोनस मिळतो.

पण माझं खरं भांडण आहे ते ‘आठ दिवसांत फरक’वाल्या ट्यूबशी. फरक पडतो हो! तिच्यात बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड हे त्रिकूट असतं. डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे ते औषध; मैत्रिणीच्या शिफारशीवर वर्षभर लावलं, की कातडी पातळ, शिरा उघड्या, तोंडभर पुरळ. सोडावं तर चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. सावकारी कर्ज याहून वेगळं काय असतं? लावायची स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली सरकारनं नियम कडक केले. पण आमच्याकडे शंभराच्या चेकवरची सही तीनदा ताडून बघतात, आणि तिकडे चेहरा जाळणारी ट्यूब ‘सुटे आहेत का?’ एवढ्या एका प्रश्नावर मिळते!

डाग जरूर घालवा. जात नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. रंगाला मात्र हात लावू नका, तो आजार नव्हे. आषाढीला तासन्‌तास रांगेत उभं राहून आपण काळ्याभोर विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतो, आणि घरी येऊन सून मात्र ‘गोरीच हवी’ म्हणून जाहिरात देतो. तो पाहा बिचारा, तेव्हापासून कमरेवर हात ठेवून विचार करतोय, यांना सांगावं तरी काय!